टेफ्लॉनचा बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी नळी) करताना
टेफ्लॉन लेथवर लोण्यासारखा कापला जातो आणि नवशिका तिथेच फसतो. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यात, जॉब (कापायचा तुकडा) जोरात आवळू नका. जॉब दबतो आणि सोडल्यावर बोअर, म्हणजे आतलं भोक, लंबगोल निघतो. दोन जॉब भंगारात घालून मी हे शिकलो. टूल ताजं धार लावलेलंच हवं.

गरम जॉबवर माप कधीच घेऊ नका. तापला की तो स्टीलच्या जवळपास दहापट फुगतो, त्यात 19 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलून आकारमान टक्काभर हलतं. म्हणून मी जॉब रात्रभर 23 अंशांवर ठेवतो, मगच फिनिश कट, म्हणजे मापावर आणणारा शेवटचा काप.

बुशला तेल लागत नाही, 260 अंशांपर्यंत चालतो. पण सतत भार असेल तर काचतंतू भरलेलाच घ्या. नुसता टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू पसरतो. आणि हो, बुरा लागलेल्या हातांनी सिगारेट नको, बुरा तिच्यात जळतो आणि त्या धुरानं ताप भरतो.