जुना लॅपटॉप विकण्याआधी डिस्क खरोखर पुसा

रिसायकल बिन रिकामा केला, क्विक फॉरमॅट मारला, की लॅपटॉप विकायला तयार, असं समजू नका. अशाने फक्त फाइल कुठे आहे याची नोंद जाते. मजकूर डिस्कवर तसाच राहतो. जुन्या हार्ड डिस्कवर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. आधार कार्डाचे स्कॅन, पासबुकाचे फोटो, पोरांचे व्हिडिओ एकेक करून वर येतात. फाइलची नावं गेलेली असतात, आतलं सगळं शाबूत!

आधी बॅकअप घ्या. मग फिरत्या तबकडीची डिस्क असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये (आज्ञा टाइप करून डिस्क हाताळायचं साधन) 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्या. नुसतं 'क्लीन' नको, त्याने डेटा पुसला जात नाही. 'क्लीन ऑल' प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक लहान कप्प्यावर, शून्य लिहितं. 1 टीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. त्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा ताडून बघा; चुकीची डिस्क निवडली तर परतीची वाट नाही. पस्तीस वेळा पुसायचा सल्ला आता जुना झाला, आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, मात्र वेगळं. तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) नवा मजकूर भलत्याच जागी लिहितो, त्यामुळे जुने तुकडे मागे राहू शकतात. तिथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधलं) 'सिक्युअर इरेज' वापरा. नवा लॅपटॉप घेतलात तर पहिल्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय, चालू करा; मग मागे राहिलेले तुकडे किल्लीशिवाय वाचता येत नाहीत.