ठोंब फोडा, पण लव्हाळा सोबत नेऊ नका

मोंडो ग्रास, स्पायडर प्लांट, पावसाळी लिली यांचे ठोंब दोन-तीन वर्षांत इतके दाटतात की मधला भाग पिवळा पडतो. फोडून लावायला जूनअखेर ते जुलै हा काळ उत्तम. मृगाची पहिली सर आली की खुरपे घेऊन बसणारे बरेच. मग आठवडाभर उघडीप पडते आणि लावलेले सगळे वाळते. ओल वीतभर खाली जाऊ द्या. काळ्या जमिनीत तर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्याशिवाय, हात लावू नका.

ठोंब पाने धरून ओढू नका. भोवतीने कुदळ घालून मातीसकट उचला आणि मुळे बादलीत खळबळून धुवा. काम कंटाळवाणे आहे, पण लव्हाळा हे गवतासारखे चिवट तण सापडते ते इथेच. मोंडो ग्रासच्या मुळांनाही फुगीर गाठी असतात, म्हणून फसगत होते. त्या गाठी पांढरट आणि मऊसर. लव्हाळ्याची गाठ काळपट, कडक, तारेसारख्या धाग्याला लटकलेली. नखाने फोडली की उग्र वास येतो. तुरा आला असेल तर दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन धारा लागतील. मागे एकदा ओळखीतून आणलेले ठोंब मी न धुता लावले. श्रावण सरेपर्यंत वाफ्यात लव्हाळाच जास्त दिसत होता, आणि तो अजून निघतोच आहे.

धुतलेला ठोंब हाताने सुटेल तिथे सोडवा, नाहीतर धारदार सुरी लावा. प्रत्येक तुकड्याला मुळांसह चार-पाच फुटवे हवेत. लिलीचे कांदे मात्र एकेक सुटे करून लावले तरी चालतात. पाने अर्ध्यावर छाटा आणि ढगाळ दुपारी लावा. पूर्वी होता तेवढाच खोल. बुडखा मातीत गाडला की कुजतो. मोंडो ग्रासला 10 ते 15 सें.मी. अंतर, स्पायडर प्लांटला 25 ते 30. मोंडो सावकाश भरतो, घाई असेल तर तो लावूच नका.

जमिनीवर पसरणाऱ्या वेडेलियाला हा खटाटोप नको, दोन पेरांचा तुकडा खोचला तरी पुरतो. म्हणूनच त्याची छाटणी ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला फेकू नका, तिथेही तो तितक्याच सहज रुजतो. गोणीत भरून तोंड बांधा, पूर्ण कुजल्यावरच खतात घाला.