पद्मिनीचं हेड उघडण्याआधी

सगळ्यात आधी आरसी बुक काढा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेली असतील आणि प्रीमियर पद्मिनी अजून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशीच असेल, तर तिच्या इंजिनला हात लावू नका. २०२१ पासून अशी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूप शाबूत असेल तरच. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, आधीच चार मिस्त्र्यांच्या हातून गेलेल्या गाड्या आपल्याकडे जास्त. इंजिनमधून जास्त ताकद काढायची पुढची तयारी त्यांच्यासाठी.

आरसी हातात आहे तोवर इंजिनची नोंदही वाचा. प्रीमियरच्याच नंतरच्या ‘११८ एनई’ गाडीचं इंजिन टाकून देतो, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मी इथे मूळ ब्लॉकपुरतंच बोलतो.

आता एक टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा मीटर, आणा, साधा असला तरी चालेल. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर तो नसतो. महिनाभर तात्पुरता लावून ठेवा आणि काटा कुठे फिरतो ते वहीत लिहा. माझ्या वहीत शहरात दीड ते तीन हजार आणि घाटात फार तर साडेतीन हजार निघाले. चार हजाराच्या वर मी महिन्यात दोनदा गेलो, तेही ट्रकला ओव्हरटेक करताना. दुकानात एखादा पार्ट आवडला की आधी ही वही उघडायची. तीन बेअरिंगवर फिरणारी क्रँक आणि पुशरॉडचं हे इंजिन. त्याची ताकद पाच हजाराच्या आतच संपते. सहा हजारावर रंगात येणारा कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा दांडा, त्याला देऊन काय मिळणार?

मी मात्र उलट सुरुवात केली होती. वही नाही, मोजमाप नाही, आधी कॅमच ग्राइंड करून आणला, ‘रेसिंग’चा. आयडलिंगला गाडी अशी थडथडायची की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला खाली उतरून बॉनेटकडे बघायचा. साडेतीन हजाराच्या पुढे मजा होती, नाही असं नाही. पण खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप गायब, अर्ध्या क्लचवर रेटारेटी, आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं टाकून तासभर बसलो. कॅम ज्याने करून दिला त्याने मी सांगितलं तेच केलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. असा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. इंजिन हळू फिरत असताना पिस्टन वर येता येता आत घेतलेला चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, थोडा परत ढकलून देतो. मुळातच कमी कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात मग दाबायला उरतं काय? म्हणून कॅम आणि कॉम्प्रेशन ही जोडी एकत्रच ठरवायची, आणि त्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, टेबलावर घ्यायचं.

त्याआधी कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचं रीडिंग लिहून ठेवा. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. रीडिंग वाढलं तर दोष रिंगांकडे, तसंच राहिलं तर व्हॉल्व्हकडे. आजारी इंजिनावर नवे पार्ट चढवू नका.

हेड उतरलं की प्लग घट्ट बसवा, व्हॉल्व्हच्या सीटला बोटाने ग्रीस लावा आणि चेंबरवर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेवा. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणा. रॉकेल किंवा पातळ ऑइल भरत जा, शेवटचा बुडबुडा भोकातून निघून जाईपर्यंत. त्या आकड्यात दाबल्या गेलेल्या गॅस्केटची जागा आणि पिस्टनच्या माथ्याचा हिशोब धरा. ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरचे २७२ सीसी. वरची एकूण जागा ४२ सीसी भरली, तर कॉम्प्रेशन साधारण साडेसातास एक. साडेआठ हवं असेल तर हेड खालून घासून ती ३६ वर आणावी लागेल. लेथवाल्याला ‘थोडं घ्या’ असं कधीही सांगू नका, हिशोब करून मिलिमीटर सांगा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे, एकदा जास्त घासलं की गेलं. पूर्वी तापून वाकलं असेल तर सरळ पट्टी आणि फिलर गेजने तेही आत्ताच कळेल.

घासल्याने हेड खाली आलं की पुशरॉड, म्हणजे कॅमची ढकल वरच्या रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणारी सळई, तुलनेने लांब होतो, हे पुष्कळ गॅरेजांत कुणी बघतच नाही. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा, इंजिन हाताने फिरवा आणि रॉकरने शाई कुठे पुसली ते बघा. खूण मधोमध हवी. कडेला गेली असेल तर रॉकरच्या स्टँडखाली पॅकिंग द्या नाहीतर पुशरॉड बदला. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, हे बघायला स्वयंपाकघरातली कणीक पुरते. पिस्टनवर तेल लावलेला गोळा ठेवा, हेड जुन्या गॅस्केटवर कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, उघडा, ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागा मोजा. मी दोन मिलिमीटरच्या खाली जात नाही.

आता स्पार्क. डेल्कोचा, म्हणजे प्लगना पाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, शाफ्ट बोटांत धरून हलवून बघा. बुश सैल असेल तर टायमिंग जागेवर राहणारच नाही, मग महागडी कॉइल घेऊन उपयोग शून्य. कॉम्प्रेशन वाढवल्यावर जुनंच अ‍ॅडव्हान्स, म्हणजे स्पार्क तितकाच आधी पडू देणं, ठेवलं तर घाटात नॉकिंगची ठकठक ऐकू येईल. थोडं मागे घ्या आणि चढावरच तपासा.

कार्ब्युरेटर एकच आहे, तोच राहू द्या. पण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा टिकत नाहीत, ते आधी बदला. त्या पेट्रोलवर मिक्श्चर पातळ होतं, म्हणून पेट्रोल मोजून सोडणारे मेन जेट एक-दोन नंबरने मोठे हाताशी ठेवा. प्लग भाजक्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला पाहिजे. पीयूसीवाल्याकडून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागून घ्या. या जुन्या गाड्यांना मर्यादा तीन टक्के आहे, आणि आयडलिंगच्या ट्यूनिंगला तो फुकटातला मीटर आहे.

एक्झॉस्टचा बेंडपाइप बनवून घेणार असाल तर चार पाइपांचे दोन, दोनाचा एक. चाराचा थेट एक हा वरच्या फेऱ्यांचा सौदा, आणि वहीत ते फेरे नाहीतच. जाड पाइपने फक्त आवाज वाढतो.

बोअरिंगचा मोह मात्र टाळा. बोअर ६९ केला तरी १०८९ चे ११२२ सीसी होतात. तेहतीस सीसीसाठी चांगल्या ब्लॉकची झीज कशाला? झिजलाच असेल तर गोष्ट वेगळी.

रेडिएटर आणि ब्रेक यांचे पैसे आधीच बाजूला काढा. चारही चाकांना ड्रम आहेत, त्यांना नवे लायनर आणि नवे सिलिंडर हवेतच. स्पेअरसाठी पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जाताना मोजायला व्हर्निअर खिशात ठेवा. २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यामुळे हलता राहणारा स्पेअरचा माल त्यानंतर आटत चाललाय, आणि डब्यावरचं नाव आतल्या पार्टचं असेलच असं नाही.

कॅम नवा असेल तर त्यावर घासणारे टॅपेटही नवे, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं दोन हजारावर धरून ठेवा, आयडलिंगला सोडू नका. काहीशे किलोमीटरनंतर, थंड इंजिनवर, हेड पुन्हा टॉर्कने कसा आणि टॅपेट सेट करा. जुना कॅम, जेट आणि डेल्कोच्या स्प्रिंगा ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, तारीख लिहून डिकीत ठेवा. माझा कंपनीचा कॅम असाच वर्षभर पडून होता. आता तो परत इंजिनात आहे आणि फडक्यात ‘रेसिंग’चा.