घरातील विषारी द्रव्ये कमी खर्चात कशी कमी करावीत?

घरातील विषारी द्रव्यांविषयी वाचू लागले की थोड्याच वेळात ‘नैसर्गिक’ साबण, हवा शुद्ध करणारी यंत्रे आणि महागडी भांडी यांच्या जाहिराती समोर येऊ लागतात. बेताच्या उत्पन्नाच्या घराने मात्र या कामाची सुरुवात खरेदीने करू नये. कारण अशी बरीचशी द्रव्ये आपणच पैसे देऊन घरात आणलेली असतात, आणि ती आणणे थांबवले की खर्च उलट वाचतो.

सर्वप्रथम एका दुपारी मोरी, ओट्याखालची जागा, कपड्यांचे कपाट, धान्याचे डबे आणि माळा एवढे तपासावे. दारावर विकायला येणारे सुटे ॲसिड किंवा फिनाईल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले आढळल्यास ते तेथून आधी हलवावे, कारण लहान मूल ते सरबत समजून पिऊ शकते. संडास साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ही दोन द्रव्ये वेगवेगळ्या जागी ठेवावीत आणि एकाच सफाईत दोन्ही वापरू नयेत.

त्यानंतर कपड्यांच्या कपाटाकडे वळावे. डांबराच्या पांढऱ्या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात, आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यांच्या वाफेने फुटून त्याला तीव्र कावीळ होऊ शकते. आजीच्या पेटीतून काढलेली दुपटी बाळाला थेट गुंडाळण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आधी धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावीत, आणि बाळ असलेल्या घरात या गोळ्या ठेवूच नयेत. त्याऐवजी कापूर ठेवावा असे सुचवले जाते, परंतु कापराची एखादी वडी गिळल्यानेही लहान मुलाला झटके येऊ शकतात. नैसर्गिक म्हणून एखादा पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही, एवढे येथे ध्यानात ठेवले तरी पुढचे बरेच पैसे वाचतील.

धान्याच्या बाबतीत अधिक कठोर राहावे लागते. वर्षाचा गहू भरताना डब्यात पारद टिकड्या घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पारद म्हणजे पारा, आणि तो खाण्याच्या धान्याजवळ नसावा. धान्यातील किडीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात कोणत्याही कारणाने आणू नयेत, कारण हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. धान्याला दोन-तीन कडक उन्हे दाखवावीत, ते पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यात भरावे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालावा; तांदळाला व डाळींना एरंडेलाचा हात लावावा. दोन खोल्यांच्या घरात वर्षाऐवजी दोन महिन्यांचेच धान्य भरणे हा याहून सोपा उपाय होय.

आता धूर. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या डासांच्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण एका अभ्यासात 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. या लेखात पैसे खर्च करण्याचा सल्ला द्यायचा झाला तर तो येथेच द्यावा लागेल: मच्छरदाणी घ्यावी आणि खिडक्यांना जाळी बसवावी. हा खर्च एकदाच होतो, आणि कॉइलचा दर महिन्याला. उदबत्ती व धूप लावायचाच असेल तर खिडकी उघडून लावावा. फोडणीच्या वेळीही हाच नियम पाळावा.

शिसे दिसत नाही, म्हणून त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेली दारे-खिडक्या कोरड्या खरवडू नयेत. गणपती-दिवाळीपूर्वी रंगकाम काढलेच, तर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि तोवर मुलांना दुसरीकडे ठेवावे. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगाची भेसळ केली जाते व तीच लबाडी अख्ख्या हळकुंडांना झिलई देतानाही होते. त्यामुळे डोळ्यांत भरणाऱ्या रंगावर न भुलता खात्रीच्या शेतकऱ्याकडची किंवा परवाना क्रमांक असलेली बंद पाकिटातील हळद घ्यावी. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे, तेव्हा पूजेनंतर हात धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नये. भजी वर्तमानपत्रावर निथळत ठेवणे मात्र आजच थांबवता येईल, कारण छपाईच्या शाईतही घातक द्रव्ये असतात.

रोजच्या सफाईला साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा आणि ओले फडके पुरते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेसाळणारे मिश्रण बनवण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो फेस पाहायला छान असतो, परंतु दोन्ही पदार्थ परस्परांना उदासीन करत असल्याने मागे जवळजवळ खारट पाणीच उरते. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर तर व्हिनेगर वा लिंबू वापरूच नये, कारण आम्ल तो दगड खाते.

बाजूला काढलेली जुनी औषधे, कीटकनाशके, सीएफएल दिवे आणि पाऱ्याचा थर्मामीटर मोरीत ओतू अथवा ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा हा वेगळा प्रकार मानला होता; असा कचरा घंटागाडीवर स्वतंत्र पिशवीत, आत काय आहे ते सांगून द्यावा. थर्मामीटर आधीच फुटला असेल तर झाडू लावू नये. खिडकी उघडून, पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.