खालचं नवं, वरचं जुनं

ऑफिससाठी कपडे जमवायचे असतील तर सुरुवात पँटपासून करा, आणि पँट नवीच घ्या. जुन्या कपड्यांची मला हौस आहे. माझ्या कपाटातले निम्म्याहून जास्त कुर्ते आणि शर्ट आधी कुणाच्या तरी अंगावर होते. पण कमरेखालचं मी जुनं घेत नाही. पँट मांडीच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी सगळ्यात आधी विरते, तिथे रफू टिकत नाही, आणि कंबर, सीट, उंची ही तिन्ही मापं दुसऱ्याच्या पँटमध्ये एकदम जुळायला नशीब लागतं. वरचा कपडा थोडा सैल असला तरी चालतो, बाजूच्या शिवणीत आत घेता येतो, आणि समोरच्याची नजरही त्याच्यावरच जाते.

मी डोंबिवलीची, ऑफिस फोर्टात, काम अकाउंट्सचं. म्हणजे सकाळी लोकलमध्ये घामाघूम आणि दिवसभर एसीखाली. कपडे निवडताना हे दोन्ही धरावं लागतं.

पँट तीनच रंगांत पुरतात: काळी, नेव्ही ब्लू, बिस्किटी. रेडीमेड अंगावर नीट बसली तर उत्तम. नाही बसली तर आमच्या बाजूच्या बायका उल्हासनगर गाठतात, गजानन मार्केट नाहीतर जपानी बाजार. तिथे पँटचं कापड घ्यायचं, थोडं लायक्रा असलेलं कॉटन, आणि शिवून घ्यायचं. मास्टरला दोन गोष्टी ठणकावून सांगा. कमरेला मागच्या शिवणीत आणि खाली पायाशी दीड-दोन इंच कापड आत राहू दे, आणि खिसे खरे हवेत, मोबाइल आणि पास मावतील असे. उंचीचं माप ऑफिसची चप्पल घालूनच द्या. पलाझो दिसायला छान असतो, पण गर्दीच्या वेळी पुलाच्या जिन्यावर मागची बाई त्याच्यावर हमखास पाय देते.

आता वरचं. जुना माल आधी घरात शोधा. बोहारीण दारात आली की भांड्यांच्या मोहात आपण काय काय देऊन टाकतो! त्याआधी तो ढीग एकदा ऑफिसच्या नजरेने बघा. पुरुषांचे कॉटनचे शर्ट तर सोनं असतात. कॉलर घासून उसवली म्हणून ते बाद होतात, बाकी शर्ट ठणठणीत असतो. पूर्वी कॉलर उलटून लावायची पद्धत होती, म्हणजे उसवून घासलेली बाजू आत घालायची आणि कोरी बाजू वर. जुने टेलर अजूनही करून देतात. नाहीतर कॉलरचं वरचं पान काढून नुसती पट्टी ठेवायची. झाला चायनीज कॉलरचा शर्ट, आणि तो कुणाचा होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाहेरून घेताना फॅशन स्ट्रीट मला पायी जवळ. तिथला सगळा माल वापरलेला नसतो, एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे परदेशी पाठवायच्या मालातला उरलेलाही असतो, आणि त्याची लेबलं बऱ्याचदा कापलेली असतात. लेबल शाबूत असलं तरी त्यावरच्या साइजवर जाऊ नका, कारण देशागणिक आकडे बदलतात. पर्समध्ये मेजर टेप ठेवा आणि घरच्या सगळ्यात नीट बसणाऱ्या कुर्त्याची मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

तपासायचं ते असं. आधी खांदा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर यायला हवी. ती खाली घसरली असेल तर कपडा सोडून द्या, कारण खांदा नि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, दुरुस्त करायची म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, आणि मास्टर नव्या कुर्त्याची शिलाई सांगेल. मग काख. उजेडात धरून बघा. पिवळट डाग असतील तर ते घामाचे आणि डिओचे असतात, धुऊन जात नाहीत आणि ब्लीचने उलट जास्त पिवळे होतात. मग कापड उन्हाकडे धरा, विरलेली जागा लगेच दिसते. जुन्या सिल्कला घडीच्या रेघेवर हलकेच ताण देऊन बघा, तिथेच ते फाटतं. कॉटन की पॉलिस्टर हे कळत नसेल तर घरी आल्यावर शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा काढून जाळा. कॉटनला जळत्या कागदाचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मे महिन्यात लोकलमध्ये पॉलिस्टर नको. पावसाळ्यात मात्र पॉलिस्टर जॉर्जेटचा कुर्ता कामाला येतो, कारण भिजला तरी अकरा वाजेपर्यंत अंगावर वाळतो.

घरात आणलेलं कॉटन आधी गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. डांबरगोळ्यांचा वास एका धुण्यात जात नाही, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टांगावं लागतं. रंग जातो का बघायला ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासा. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही.

साड्यांबद्दल थोडं सविस्तर. साडी साडेपाच मीटरची, पन्हा म्हणजे रुंदी साधारण 45 इंच. साध्या कुर्त्याला अडीच मीटर धरलं तर एका साडीत दोन कुर्ते निघतात, किंवा एक कुर्ता आणि एसीसाठी मोठी ओढणी. ऑफिसला मंगळगिरी आणि इरकल झकास. इरकलीच्या पदराचे उभे धागे मागावरच अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. तो जोड कापायच्या आधी शोधून ठेवा, नाहीतर कुर्त्याच्या मधोमध आडवी रेघ येते. काठ घेराला लावायचा मोह सगळ्यांना होतो. मी तो बाहीला आणि बटणपट्टीला लावते. टेबलामागे बसलेल्या बाईचा घेर कोण बघतंय? आणि आईची लग्नातली पैठणी कापू नका, ती साडी म्हणूनच नेसा.

जोड्या लावताना मी एकच नियम कडक पाळते: जुना पांढरा नव्या पांढऱ्याशेजारी आणायचा नाही. एकटा असला तर तो छान दिसतो, पण नव्याच्या बाजूला कळकट वाटतो. काळ्याचंही तेच. विटलेला काळा कुर्ता बिस्किटी पँटवर घाला, काळ्या पँटवर नको. तो घरी रंगवता येतो, पण कापड कॉटन असेल तरच. शिवणीचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो रंग धरत नाही, म्हणून रंगवल्यावर टाके वेगळे उठून दिसतात. मला ते आवडतात, आमच्या मॅनेजरबाईंना नाही.

बाकी सोपं आहे. नेव्ही पँटवर भावाचा निळ्या रेघांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. काळ्यावर हिरवी इरकल. बिस्किटीवर मलमलचा कुर्ता, त्याच्यावर जुन्या कोटाच्या बाह्या काढून केलेलं जाकीट. मीटिंग असेल त्या दिवशी हे. बटणं बदलली की जुना शर्ट ओळखू येत नाही, म्हणून टाकाऊ कपड्यांची बटणं काढून ठेवा. चपला, बूट आणि आतले कपडे मात्र जुने कधीच नाही.

शेवटचं म्हणजे टेलरकडे जायची वेळ. आल्टरचं काम पितृपक्षात न्या. तेव्हा नवं कापड फारसं कुणी टाकत नाही, आणि मास्टर तुमच्या जुन्या शर्टाकडे शांतपणे बघतो. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर तो पिशवी न उघडताच सांगेल, "ताई, तुळशीचं लग्न होऊ द्या."