घरच्या नळजोडणीसाठी फिटिंग कशी निवडावी

घरातील नळजोडणी स्वतः करायची असेल, तर पाइपापेक्षा फिटिंग (पाइप एकमेकांना जोडणारे तुकडे) निवडण्यात अधिक वेळ घालवावा, कारण गळती बहुधा सांध्यातूनच सुरू होते. इंदूरमध्ये जलूदच्या पंपिंग स्टेशनहून येणारे नर्मदेचे पाणी नळाला ठरावीक वेळीच येते. पाणी गेल्यावर वाहिनीतील दाब उतरतो, आणि अशा वेळी कोणी मोटर थेट वाहिनीला लावली, तर सैल सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते.

गीझरकडून येणाऱ्या गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी या प्लास्टिकचेच पाइप आणि फिटिंग घ्यावे; ते सुमारे ९३ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असते, तर थंड पाण्याचे साधे यूपीव्हीसी प्लास्टिक ४५ अंशांच्या पुढे वापरू नये. या दोन्हींची मापेही जुळत नाहीत. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर, तर त्याच नावाच्या यूपीव्हीसी पाइपाचा २५ ते २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे दुकानात नुसते ‘पाऊण इंची एल्बो’ (वळणावरची काटकोनी फिटिंग) न मागता पाइपाचा तुकडाच सोबत न्यावा. तुकडा कोरडाच एल्बोत घालून पाहावा: तो सॉकेटच्या (पाइप जिथे शिरतो त्या तोंडाच्या) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन घट्ट बसला, तर माप बरोबर आहे, सहज तळाला टेकला, तर ती फिटिंग परत करावी. सॉल्व्हंट सिमेंटही (प्लास्टिकचे सांधे चिकटवायचा द्रव) पाइपाच्या जातीचेच घ्यावे. पाइपावर आय.एस.आय. चिन्ह आणि मानकाचा क्रमांक (सीपीव्हीसीसाठी १५७७८, यूपीव्हीसीसाठी ४९८५) वाचून घ्यावा आणि फिटिंग शक्यतो त्याच उत्पादकाची घ्यावी.

खरी काळजी लागते ती आट्यांच्या सांध्याला. नळ, गीझर किंवा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप जोडताना प्लास्टिकचे आतील आटे असलेली फिटिंग टाळावी. धातूचे निमुळते आटे पाचरीसारखे आत शिरतात आणि प्लास्टिकला केसाएवढी चीर पाडतात. ती बसवताना दिसत नाही, काही दिवसांनी ओल दिसू लागते. अशा ठिकाणी पितळी इन्सर्टची (प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी आटे असलेली) फिटिंगच घ्यावी, तिची किंमत थोडी जास्त पडली तरी. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावा. गळती थांबत नाही म्हणून पान्याने आणखी आवळत बसू नये.

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीतील घरात जीआय पाइप कापण्यापूर्वी त्याला अर्थिंगची तार बांधलेली नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ते अर्थिंग तुटते.

सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे पुरते वाळल्यावर, शक्यतो २४ तासांनी, पाणी सोडून दाब तपासावा आणि तोवर भिंतीतील खाच बुजवू नये.