घरचा कचरा कमी करताय? मग या चुका टाळा

कचरा कमी करायचं घरात ठरलं की पहिली गोष्ट काय होते, तर खरेदी. रंगीत डब्यांचा सेट, कापडी पिशव्यांचा गठ्ठा, बांबूचे ब्रश. कचरा कमी करायला निघालेली माणसं घरात आणखी सामान आणताना बघितली की हात जोडावेसे वाटतात. दोन जुन्या बादल्या आणि एक पुठ्ठ्याचा खोका, एवढ्यावर सगळं भागतं. त्याआधी आठवडाभर डब्यात काय पडतंय ते नुसतं बघा, सगळ्यांनी मिळून. वजन बहुतेक उष्ट्या-सालींचं असतं आणि जागा खाल्लेली असते पॅकिंगनं. हे दोन आकार डोळ्यांसमोर आले की कुठून सुरुवात करायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘आत्ता टाक, नंतर वेगळं करू’

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य हे. हा ‘नंतर’ कधी येत नाही. आला तरी तोवर कागदाला चहाची पूड चिकटलेली असते, पिशवीत आमटी सांडलेली असते, आणि त्यात हात घालायला घरातलं कुणी तयार नसतं. कचरा वेगळा करायचा तो हातात असताना. डब्यात पडला की वेळ गेली.

आम्ही काही घरं मिळून सुका कचरा एकत्र साठवायचो. महिन्याची वर्तमानपत्रं, खोके, सगळं मोठ्या पोत्यात. एकानं त्यात तेलाची बाटली टाकली. झाकण नुसतं टेकवलेलं, तळाला बोटभर तेल. रात्रीतून ते झिरपत खालपर्यंत गेलं. सकाळी न्यायला आलेल्या माणसानं पोत्यात हात घातला, बाहेर काढला, बोटं नाकाशी नेली आणि एक शब्द न बोलता पोत्याचं तोंड परत बांधून टाकलं. बाटलीच्या मालकांचं म्हणणं काय, तर “पण बाटली प्लास्टिकची होती, ती तर रिसायकल होते!” होते ना. पोत्यातला कागद मात्र गेला.

कारण साधं आहे. जुना कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. तेल पाण्यात विरघळत नाही, ते धाग्यांना धरून बसतं. म्हणून तेलकट खोका कागदात चालत नाही. कोरडं झाकण फाडून कागदात द्या आणि डागाळलेला तळ कंपोस्टमध्ये टाका. कागदाचं आयुष्यही मोजकंच. दर फेरीला धागे आखूड होतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कामाचे राहत नाहीत. काच आणि ॲल्युमिनियमचं तसं नाही, ती कितीही वेळा वितळवा. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून डबा चेपून कोपऱ्यात फेकलेला दिसला की माझा जीव जातो.

आणि हो, बरण्या चकचकीत घासत बसू नका. भांडी धुतलेल्या पाण्यात एकदा विसळा, उपड्या ठेवा. सुकल्याशिवाय पोत्यात नाही, एवढा एकच नियम आमच्याकडे आहे.

कंपोस्टला घाई

माझ्या एका चुलत भावानं मोठ्या उत्साहानं कंपोस्टचा डबा सुरू केला. काही दिवसांनी फोन: “दादा, हे हलतंय!” जाऊन झाकण उघडलं तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. आत काळपट चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. रोज साली, उरलेलं अन्न, वरून झाकण गच्च. सुकं पान एक नाही. खत लवकर व्हावं म्हणून बाजारचं कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंचं विरजण, मात्र दुप्पट टाकलेलं! कल्चरनं थोडी मदत होते, पण हवा नसलेल्या चिखलात ते तरी काय करणार?

कंपोस्ट करणाऱ्या जंतूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त. कार्बन येतो वाळकी पानं, भुसा आणि फाडलेल्या पुठ्ठ्यातून. वजनकाटा आणायची गरज नाही. मी एक वाटी ओलं टाकलं की वर दोन वाट्या सुकं टाकतो आणि तीन-चार दिवसांनी काठीनं तळापासून ढवळतो. मूठभर घेऊन दाबायचं: एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी सुकं, भुगा झाला तर पाण्याचा हबका. दुर्गंधी येते म्हणजे आत हवा पोचत नाही. हाच कचरा डेपोत दाबला गेला की हवेअभावी कुजून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू सोडतो, म्हणून तर ही सगळी खटपट.

अळ्यांना घाबरून डबा फेकू नका. उष्ण हवेत त्या बऱ्याचदा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा झपाट्यानं संपवतात. नको असतील तर सुक्याचा जाड थर द्या. आणि दोन-तीन महिने धीर धरा. आठवड्यात खत मागणाऱ्यांनी दुसरा छंद बघावा.

पुठ्ठा फाडायचं काम मुलांना द्या. त्यांना फाडायला आवडतंच.

त्रिकोण दिसला की झालं

प्लास्टिकवर बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा म्हणजे रिसायकल होणारच, असं नाही. १९८८ साली आलेले हे १ ते ७ आकडे फक्त प्लास्टिकची जात सांगतात. लोकांचा घोळ होतो म्हणून २०१३ मध्ये या खुणेच्या अधिकृत मानकातले बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवला. १ आणि २ बहुतेक ठिकाणी घेतात; बाकीचं तुमच्याकडे कोण घेतं ते विचारा. आतून चंदेरी असलेली पाकिटं बहुतेक कुणी घेत नाही, कारण ते थर एकमेकांपासून सुटत नाहीत. ती घरात कमी आणणं एवढाच उपाय.

एकटीनं ओढायचा गाडा

घरात एकच माणूस, बहुधा आईच, दुसऱ्यांनी चुकीचं टाकलेलं गुपचूप काढून योग्य डब्यात टाकत राहते. मग बाकीचे कशाला शिकतील? ज्यानं टाकलं त्यालाच हाक मारा, त्यालाच काढू द्या. ओरडू नका. डब्यावर ‘सुका’ असं लिहिण्यापेक्षा त्यात जाणाऱ्या वस्तूच चिकटवा: एक पाकीट, एक बूच, पुठ्ठ्याचा तुकडा. लहानांना कळतं, चष्मा विसरलेल्या आजोबांनाही. बाथरूममध्येही एक खोका ठेवा. शाम्पूची रिकामी बाटली हातात घेऊन स्वयंपाकघरापर्यंत कुणी येत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

दुकानातली गुळगुळीत बिलं कागदात टाकू नका, त्यांवर रसायनाचा थर असतो.

फुटलेला ग्लास किंवा ओव्हनचं भांडं बाटल्यांच्या काचेत नको. वितळण्याचं तापमान वेगळं असतं.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेले बरेचसे कप घरच्या डब्यात तसेच राहतात, त्यांना कारखान्यातली उष्णता लागते.

बॅटऱ्या कुठल्याच डब्यात नाहीत. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चिरडली तर पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत ठेवा, बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर, आणि भरली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.